चाकात नसलेला खिळा

टायरमध्ये खिळा नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत मी तो शोधत होतो. पंक्चरच्या दुकानात शोधला, शोरूमच्या वर्कशॉपात शोधला, घरासमोर उकिडवा बसून टायरच्या खाचांतून बोटं फिरवून शोधला. जी वस्तू नाही हे ठाऊक असतं, ती माणूस फार मन लावून शोधतो. त्या सगळ्या काळात हवा एका चाकातली जात होती आणि बोल माझ्या थोरल्या बहिणीला लागत होता. मला ते दिसत होतं. मी गप्प होतो. गप्प बसण्याची मला सवय आहे आणि लोक तिला शांत स्वभाव म्हणतात.

मी साताऱ्यात हायस्कूलला भौतिकशास्त्र शिकवतो. सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतो. जिभेवर कापूर जाळतो, पाण्यानं दिवा पेटवतो, मग ते कसं केलं हे सांगतो. कोणी उताऱ्याचा विषय काढला, की तिकटीवर ठेवलेला नारळ उचलून आणायला सांगतो, सगळ्यांसमोर फोडतो आणि खोबरं खातो. टाळ्या पडतात. खोबरं बहुतेक वेळा खवट असतं.

आक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिला तासगावला दिली. माझं आठवी ते दहावीचं शिक्षण तिच्याच घरी झालं, म्हणजे तिच्या भाकरीवर झालं. तिला मूल झालं नाही. दाजी गेल्यावर द्राक्षबाग तिनं एकटीनं सांभाळली. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांशी ती असं बोलते, की ते आधी चहा मागवतात. माझ्या लेकीच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडं गेल्या. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा लेकीनं एकच गोष्ट मागितली: पहिली हळद आत्यानं लावायची. आईनं ते ऐकलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, आत्याच लावणार. घरात माझ्या शब्दाला मान आहे, निदान तेव्हा होता.

लग्न दिवाळीनंतरचं होतं. त्याआधी गुढीपाडव्याला गाडी घेतली. आयुष्यातली पहिली. आक्का दोन दिवस राहायला आली होती. गाडी दारात आली, कॉलनीतली मंडळी जमली, आणि औक्षणाचं ताट मी आक्काच्या हातात दिलं.

"आरं, मला कशाला," ती हळूच म्हणाली. "हाय की तुझी बायको. आन् शेजारनी काय कमी हायत का?"

"तूच करायचं."

"नको बाळा. उगं लोकांच्या तोंडाला कशाला लागायचं."

"लोकांनाच दाखवायचंय," मी म्हणालो.

हे मी खरंच असं म्हणालो. तिनं ओवाळलं. निरांजन हातात नीट धरलं होतं, पण ताट पुढं नेताना ती गाडीकडं बघत नव्हती, ताटाकडंच बघत होती. मी फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली चार ओळी लिहिल्या, विधवेच्या हातून औक्षण, बदलाची सुरुवात घरापासून वगैरे. भरपूर अंगठे आले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी 'आपल्यासारखे लोक आहेत म्हणून' असं लिहिलं. आई आतल्या खोलीत बसून होती. ती स्वतः वडील गेल्यापासून कुणाला ओवाळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आक्काला तासगावला सोडलं. येताना गाडीत एकटाच होतो. रहिमतपूरच्या अलीकडं एके ठिकाणी तीन रस्ते मिळतात. दिवेलागणीची वेळ होती. तिकटीच्या मधोमध पत्रावळीवर दहीभात, त्यावर गुलाल, आणि मधे कापलेलं लिंबू. लिंबाला टाचण्या टोचलेल्या होत्या. एवढं सगळं दिसायला जितका वेळ लागतो, तितका वेळ माझ्याकडं होता. सरळ गेलो असतो तर पुढच्या चाकाखाली ते आलं असतं, एवढंच. मी डावीकडं वळवली.

डावीकडं ओढ्यावरची मोरी होती. मागचं डावं चाक मोरीच्या फुटक्या दगडावर चढलं आणि आवाज करून खाली आलं. मी उतरलो. चाकावर चुन्याचा ओरखडा होता, तो रुमालानं पुसला. बाकी काही दिसलं नाही. मग आजूबाजूला कोणी आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं. हे बघायची मला का गरज वाटली, याचा विचार मी पुढं बरेच महिने केला नाही.

काही दिवसांनी गाडी सुरू केली तर समोरच्या काट्यांशेजारी एक पिवळा दिवा लागला. आई शेजारी बसली होती.

"ते काय पेटलं रं? कढई हाय का?"

"टायर आहे ते. हवा कमी झाली की लागतं."

"नव्या गाडीची हवा कशी कमी हुईल?"

मी पेट्रोल पंपावर हवा भरली. दिवा विझला. पंधरा दिवसांनी परत लागला. हवा एकदम जात नव्हती, टायर बसायचाही नाही. रोज थोडी थोडी जायची. कधी कधी आठवडाभर काहीच नाही, आणि मग सकाळी दिवा. बायकोनं एकदा विचारलं, "तुम्ही कुठं आदळली नाही ना?" भाजी निवडता निवडता विचारलं होतं. मी म्हणालो, "नाही." तिनं परत विचारलं नाही. तिनं परत विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी काही दिवस मनात म्हणत होतो. म्हणजे त्यातही दोष तिच्याकडंच गेला.

नाक्यावर टायरचं दुकान आहे. दुकानदार फौजेतून निवृत्त झालेला. त्याच्या बोलण्यात अजून सगळं फौजेतलं आहे.

"इन्सिडेंट काय झाला होता का, सर? खड्डा, दगड, डिव्हायडर?"

"काही नाही."

"न्हाई, पब्लिक काय करतं, आपटून आणतं आन् सांगतं आपोआप झालं."

"असं करतात लोक?"

"लय."

त्यानं चाक काढलं, साबणाचं पाणी मारलं, टायर फिरवून फिरवून बघितलं. कुठं बुडबुडा नाही. खिळा नाही, काच नाही. चाक पाण्याच्या टाकीत निम्मं बुडवून बघितलं; तेव्हाही काही आलं नाही. मी शेजारी उभा राहून गंभीर चेहऱ्यानं टाकीत बघत होतो. त्यानं हवा भरायच्या तोंडातली पिन बदलली. "वॉल्व्हच असणार," तो म्हणाला. "तुमी म्हणताय आपटली न्हाई, मग दुसरं राहातंच काय?"

त्याचं तर्कशास्त्र बरोबर होतं. त्याला दिलेली माहिती चूक होती. मुलांच्या पेपरात असं उत्तर आलं तर मी निम्मे गुण देतो.

शोरूमच्या वर्कशॉपातही तेच विचारलं. "इम्पॅक्ट झाला असेल तर वॉरंटीत बसत नाही, सर." हे ऐकून मला बरं वाटलं. आपण गप्प आहोत त्याला एक व्यवहारी कारण मिळालं. तिथल्या मुलानं सांगितलं, नव्या गाडीला थोडं होतं, ऊन-गारव्यानं कमी-जास्त दाखवतं. मी मान डोलावली. वायूचे नियम मीच शिकवतो.

घरी मात्र आईचं निदान केव्हाच झालं होतं. ती ते मोठ्यानं बोलली नाही. आधी म्हणाली, "नजर लागली आसंल." मग म्हणाली, "नव्या वस्तूला लागतीच." मग एकदा जेवताना म्हणाली, "मी माझ्या नवऱ्यामागं कवा कुणाला ओवाळलं न्हाई. कुणाचं काय बिघडलं का?"

"आई, चाकातली हवा आणि ओवाळणं यांचा काय संबंध?"

"मग तू सांग की, कशानं जाती हवा? तू शिकलेला हाईस."

मला सांगता येत होतं. दोन वाक्यांत झालं असतं. मी म्हणालो, "बघतोय."

माणसाला लाज कशाची वाटावी याला काही नियम नाही. गाडी ठोकली म्हणून मला लाज वाटत नव्हती. नवशिक्याची ठोकतेच. लिंबू चुकवायला ठोकली, ही ती गोष्ट होती. ती कुणाला सांगितली असती तर पुढच्या व्याख्यानात नारळ कुणाच्या तोंडानं खाल्ला असता? असा सगळा विचार मी केला होता. आक्काचा विचार त्याच्या नंतर यायचा, आणि तोवर जेवण संपलेलं असायचं.

रविवारी तिचा फोन यायचा. तिच्या कानावर गेलं होतंच, आईच घालायची. आधी बागेचं, पावसाचं, लेकीच्या साड्यांचं बोलायची. मग सहज विचारल्यासारखं:

"सापडलं का रं काय चाकात?"

"नाही अजून."

"खिळा असंल बघ. बारीक खिळा लवकर दिसत न्हाई. आमच्या ट्रॅक्टरला पण झालं हुतं, महिनाभर कळलं न्हाई. नीट बघ."

दर रविवारी. मला वाटायचं, तिला गाडीची काळजी. आषाढात कधीतरी फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती खिळ्याची वाट बघत होती. खिळा निघाला असता तर ती सुटली असती.

एव्हाना आईनं गाडीला लिंबू-मिरची बांधली होती. मी विरोध केला, दोन दिवस बोललो नाही, मग गाडी तशीच घेऊन शाळेत गेलो. पुढं इस्लामपूरकडच्या एका शाळेत व्याख्यान होतं. जाताना सोडून ठेवायची विसरलो. कापूर झाला, दिवा झाला, प्रश्न विचारा म्हणालो. एक मुलगी उठली.

"सर, भाईर गाडी लावलीय ती तुमचीच का?"

"हो."

"तिला लिंबू बांधलंय."

"ते माझ्या आईनं बांधलंय."

"मग तुमी तिला समजावून सांगत न्हाई का?"

बाईंनी तिला खाली बसवलं. मी तिला म्हणालो, प्रश्न चांगला आहे. मग पुढचा प्रश्न घेतला. आभारप्रदर्शनात माझा उल्लेख प्रखर विज्ञाननिष्ठ असा झाला.

गणपतीच्या आधी थोडे दिवस हवा टिकली. दिवा लागेना. मला वाटलं, ती बदललेली पिन असेल, टायर रिमवर आपोआप नीट बसला असेल, जे काय असेल ते असेल, मिटलं. आता आक्काला मोकळं करायचं एवढंच राहिलं होतं. 'वॉल्व्हची पिन' म्हटलं तर आईला पटलं नसतं. ती दाखवता येत नाही. दाखवता येईल अशी एकच वस्तू होती.

घरात जुन्या खिळ्या-स्क्रूंचा एक डबा आहे. त्यातला एक खिळा काढला. टायरमध्ये फिरलेल्या खिळ्याचं डोकं घासून चकचकीत होतं आणि बाजूनं झिजतं. मी अंगणातल्या फरशीवर तो घासला. प्रयोगाचं साहित्य मी नेहमीच नीट तयार करतो. मग आत जाऊन आईच्या हातात ठेवला. "हे बघ. एवढ्यासाठी सगळं."

आईनं चष्मा लावून बघितला. "निघाला का," म्हणाली. संध्याकाळी तिनं स्वतःहून लेकीला सांगितलं, आत्याला लावू दे हळद, माझं काय न्हाई.

आक्काला फोन केला. खिळा निघाला, असं सांगितलं. ती म्हणाली, "केवढा हाय?"

"बोटाच्या पेराएवढा."

"फोटो धाड."

मी फोटो पाठवला. तो तिनं बागेत कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना दाखवला, हे मला नंतर कळलं. तिनं हळदीसाठी पिवळी साडी घेतली, तिचाही फोटो आला. इतकी वर्षं ती फिक्याच रंगाच्या नेसत होती.

गौरी गेल्या आणि चार दिवसांत सकाळी दिवा लागला.

या वेळी आईनं कढई विचारली नाही. ती घरात गेली आणि देवासमोर बसली. दुपारी मला बोलावलं.

"खिळा काढला तरी हवा जाती?"

"दुसरं काहीतरी असेल."

"आता काय ऱ्हायलं दुसरं? चाक धा वेळा उघडलंस. खिळा निघाला. तरी हायच." तिचा आवाज चढलेला नव्हता. "गाडीचं एक येळ ठीक हाय. लोखंडाचं हाय. पोरीच्या संसाराला नको. ती माझ्या पोटची हाय, मला काय तिचं वाईट वाटतंय व्हय? मी पण लांबच बसणार हाय की हळदीला."

त्याच संध्याकाळी तिनं तासगावला फोन लावला. मी व्हरांड्यात होतो, ऐकू येत होतं. "हळदीला नको येऊ ग. लग्नाला ये. जरा म्हागं बस. राग धरू नको." पलीकडून आक्का काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, फार काही म्हणाली नसावी, कारण आईनं लगेच फोन ठेवला. लेक दोन दिवस आजीशी बोलली नाही. माझ्याकडं ती बघायची. बाबा काहीतरी बोलतील म्हणून.

मी काय केलं? मी फौजीकडं गेलो.

"इन्सिडेंट झाला होता," मी म्हणालो. "मागचं डावं. मोरीच्या दगडावर चढून आपटलं होतं."

"कवा?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. चाक काढलं, या वेळी उलटं ठेवलं, आतल्या बाजूनं लोखंडी रिमच्या कडेवर हात फिरवत गेला आणि एका जागी थांबला. टायर जिथं रिमला चिकटून बसतो, तिथं रिमची आतली कड किंचित वाकलेली होती. साबण लावला. बऱ्याच वेळानं एक बुडबुडा मोठा होत आला, फुटला, परत दुसरा. चाकाचा तो भाग खाली, जमिनीवर आला की भारानं फट मिटायची, वर गेला की उघडायची. म्हणून कधी हवा जायची, कधी नाही. शेवटी निदान झालं. रोगी कबूल झाल्यावर निदानाला अवघड काही नव्हतं.

रिम सरळ करून घेतली, घरी कुणाला न सांगता. हवा जायची थांबली. आठ दिवस, पंधरा दिवस, दिवा नाही.

दसऱ्याच्या सुमाराला आई अंगणात तुळशीपाशी उभी होती. गाडीकडं बघून म्हणाली, "बघ. तिला नको म्हटलं आन् हवा जायची थांबली."

खिळ्याचं खोटं मी बोललो होतो. हे मात्र घडत घडत आपोआप तयार झालं होतं, आणि वरून बघणाऱ्याला ते एखाद्या प्रयोगाइतकं स्वच्छ दिसत होतं. त्या रविवारी आक्काचा फोन आला.

"हवा थांबली का रं?"

"थांबली."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आईचं बरोबर हुतं म्हणायचं."

ती थट्टेनं बोलली नव्हती. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तासगावला गेलो.

ऑक्टोबर छाटणी झालेली होती. बागेत पान नव्हतं, नुसत्या काड्या. बायका डोळ्यांना पेस्ट लावत होत्या, म्हणजे काडीवरच्या कोंबांना औषध, लवकर फुटावेत म्हणून. आक्का हातमोजे घालून त्यांच्यात होती. मला बघून शेडकडं आली. बेदाण्याची शेड त्या दिवसांत रिकामी असते, जाळ्या गुंडाळून ठेवलेल्या. आम्ही क्रेट उलटे घालून बसलो.

"पोरीचं सगळं ठीक हाय ना?" तिनं आधी हे विचारलं.

"ठीक आहे. चाकात खिळा नव्हता."

"मग फोटो?"

"घरातल्या डब्यातला खिळा."

मग मी सगळं सांगितलं. मोरी, लिंबू, फौजी, वाकलेली कड. ती हातमोज्याची बोटं एकेक ओढत ऐकत होती.

"कोण हुतं तिथं बघायला?"

"कोणी नाही."

"मग कुणाला भ्यालास?"

"लिंबालाच," मी म्हणालो.

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली असती तर तेवढ्यावर निभावलं असतं, असा मी वाटेत विचार करून आलो होतो. ती उठली, दारात जाऊन बागेतल्या बाईला ओरडून सांगितलं, की वरच्या दोन डोळ्यांनाच लाव, आणि परत येऊन बसली.

"आईला सांगितलंस?"

"आधी तुला सांगायला आलो."

"मला कशाला आधी? मला ऐकून काय करायचंय?" ती म्हणाली. "मी नको म्हणत हुते. तू ऐकलं न्हाईस. ताट दिलंस, फोटो काढलास, सगळ्यांनी वा वा केलं, ते झालं तुझं. आन् चाकातनं हवा गेली ती झाली माझी. ज्यांच्या म्होरं ताट दिलंस त्यांच्या म्होरं सांग."

"कॉलनीत?"

"न्हाई तर काय हिथं बायकांस्नी सांगतोस? त्यांनी कुठं काय केलंय?"

मी म्हणालो, सांगतो.

"हळदीच्या आदी सांग. मग येते. न्हाईतर मी लग्नाला पण येत न्हाई. म्हागं बसायला एवढ्या लांब कोण येतंय. सीडी बघीन घरात बसून."

सीडी आता कोणी काढत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं जेवून जा म्हटलं नाही. निघताना तिनं मला द्राक्षाच्या काड्यांपाशी गाडी वळवायची कुठं ते दाखवलं, आणि मी वळवेपर्यंत तिथं उभी राहिली, कुठं लागू नये म्हणून.

लग्नाच्या आधी घरी हळद फोडायचा कार्यक्रम असतो. सवाष्णी मुसळानं हळकुंडं फोडतात, कॉलनीतली मंडळी येतात, चहा-पोहे होतात. पाडव्याला गाडीभोवती जमलेले बहुतेक सगळे होते. पोहे झाल्यावर मी उभा राहिलो. लोकांनी बशा खाली ठेवल्या. त्यांना वाटलं, आमंत्रणाचं काहीतरी असेल. बोलायची मला सवय आहे, तरी पहिलं वाक्य मी दोनदा सुरू केलं. मी सांगितलं की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिकटीवर उतारा होता, तो चुकवायला मी गाडी दगडावर घातली. रिम वाकली. हवा त्यानं जात होती. मला ते माहीत होतं. मी सांगितलं नाही आणि बहिणीवर येऊ दिलं. खिळा मी डब्यातून काढून घासला होता.

मग निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "उतारा दिसला तर कडेला घ्यायचीच नसते, सर. मधोमध न्यायची. चाकं दोन्हीकडनं जातात."

"रिमला किती घेतले?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

बायको आतून चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती माझ्यापुरतंच बोलली. "मी तेव्हा विचारलं होतं."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"लिंबू कापलेलं हुतं का सबंध?"

"कापलेलं."

"टाचण्या?"

"होत्या."

आई विचार करत राहिली. "मग ते त्याचं हाय," म्हणाली. "लिंबाचं. आक्काचं न्हाई."

"आई, दगडाचं आहे. आणि माझं."

"तेच ते." तिनं लेकीला हाक मारली. "आत्याला फोन लाव. म्हणावं, ये."

म्हणजे माझी बहीण निर्दोष सुटली ती लिंबाच्या साक्षीवर. या विषयावर माझं दीड तासाचं व्याख्यान तयार आहे. मी ते दिलं नाही. चहा घेतला. रात्री जेवणाआधी तेच सगळं ग्रुपवरही लिहून टाकलं, कारण फोटो तिथं होता. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. मग कुणीतरी गुलाबाची फुलं आणि शुभ संध्याकाळ पाठवलं. व्याख्यानांची आमंत्रणं त्यानंतर जरा कमी झाली आहेत. जे बोलावतात त्यांना मी आधी हे सांगतो. काही जण तारीख कळवतो म्हणतात.

आक्का एस.टी.नं आली. पिवळी साडी नेसून आली. पहिली हळद तिनं लावली. आई म्हटल्याप्रमाणं लांब बसली, आणि आक्कानं तिला जवळ ये म्हटलं नाही. लेक रडली, आक्का रडली नाही. माझ्याशी ती लग्नाच्या दोन्ही दिवसांत कामापुरतं बोलली: अक्षता कमी पडतायत, मामा कुठं आहे, आचाऱ्याला बघ.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. मी म्हणालो, तासगावपर्यंत सोडतो. ती म्हणाली, स्टँडवर सोड. मी म्हणालो, आणखी दोन दिवस राहा, घर रिकामं झालंय.

"न्हाई, जायाला पायजे," ती म्हणाली. गाडीत पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "आमच्या शेजारच्या सुनेला मुलगा झालाय."

"कधी?"

"पावसाळ्याच्या तोंडाला. बारसं झालं. मला बोलवाय दोनदा आली बिचारी. दारात घेऊन यायची, तर मी आत निघून जायची. अजून मी त्याचं तोंड बघितलं न्हाई."

मी गाडी चालवत होतो. पावसाळाभर दर रविवारी ती मला खिळा विचारत होती, तेव्हा भिंतीपलीकडं ते मूल होतं.

"आता पालथं पडून म्होरं सरकतंय म्हणं," ती म्हणाली.

स्टँडवर तासगावमार्गे सांगलीला जाणारी गाडी लागलेली होती. मी पिशवी वर ठेवायला आत चढलो. तिला खिडकीची जागा मिळाली नाही. तिनं पिशवीतून एक छोटं टोपडं काढून मांडीवर धरलं आणि मला म्हणाली, तू उतर आता, कंडक्टर आला.